हॅलोवीनच्या कार्यक्रमात व्हॉलंटियरिंग केलं, माझा अनुभव

न्यू जर्सीत आल्यापासून हॅलोवीन म्हणजे 31 ऑक्टोबरला वेगवेगळी सोंगं घेऊन खाऊ मागायला येणाऱ्या पोरांसाठी दारात चॉकलेटचा बाऊल आणि बेल वाजली की उठायचं, एवढंच. यंदा आमच्या टाऊनच्या कम्युनिटी सेंटरमधल्या कार्यक्रमाला नाव दिलं. कोणाला करायचं असेल तर थोडी कल्पना यावी म्हणून लिहितेय.

नाव द्यायला ऑनलाइन साइन-अप शीट असते, त्यात आपला स्लॉट निवडायचा. क्लीनअपला कोणीच हात वर करत नाही त्यामुळे तिथे कायम जागा 😄 लहान मुलांमध्ये काम म्हणून आमच्याकडे बॅकग्राउंड चेक पण होता, त्याची लिंक आली की लगेच उरकून टाका.

मी क्राफ्टला होते. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्यांच्या ममी करायच्या होत्या, नळीला पांढरा क्रेप पेपर गुंडाळायचा आणि वर दोन गुगली आइज, झालं. पण तीनचार वर्षांच्या पोरांना पहिलं टोकच चिकटवता येत नाही आणि मग आईबाबाच ममी करत बसतात, म्हणून आम्ही सगळ्या नळ्यांना टोक आधीच टेपने लावून ठेवलं होतं. त्याने खूप फरक पडला. भोपळे कोरायचे नव्हते, एवढ्या मुलांत सुऱ्या कोण सांभाळणार, मग रंगवायचे ठरलं तर त्यातही गंमत, अ‍ॅक्रिलिक कपड्यांवरून निघत नाही आणि धुतला जाणारा रंग भोपळ्याच्या गुळगुळीत सालीवर टिकत नाही, वाळला की पोपडे पडतात. शेवटी मार्कर आणि स्टिकर्स.

खरं डोकं लागतं ते खाऊच्या टेबलावर. छोट्या फन साइज पाकिटांवर बरेचदा काय काय घातलंय ते छापलेलंच नसतं, ते असतं मोठ्या पिशवीवर, त्यामुळे ती पिशवी फेकायची नाही, टेबलाखाली ठेवायची. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलं इथे खूप. आणि आपल्या शाकाहारी लोकांचा वेगळाच प्रश्न, जिलेटिन, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. डायनोसॉर झालेला एक मुलगा शेपूट सावरत आला, "काकू, यात जिलेटिन आहे का, आजी विचारतेय". मार्शमॅलो, गमी बेअर, कँडी कॉर्न, सगळ्यात बहुतेक असतंच. बिचारा पिशवी उघडून उभा!

त्याला निळसर हिरव्या भोपळ्याच्या टेबलाकडे पाठवलं. त्याला टील पंपकिन म्हणतात, फूड अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या एका संस्थेने 2014 पासून ते देशभर सुरू केलं, तो भोपळा दिसला की इथे खाण्याशिवायच्या वस्तू पण मिळतात असं समजायचं. आम्ही ग्लो स्टिक, बबल्स, पेन्सिली, कोळ्याच्या अंगठ्या ठेवल्या होत्या, आणि अ‍ॅलर्जी नसलेली पोरं पण चॉकलेट सोडून तिथेच घुटमळत होती, ग्लो स्टिक तर सगळ्यात आधी संपल्या. पुढच्या वेळी त्या जास्त मागवा असं कोऑर्डिनेटरला सांगून ठेवलंय.

आणि ग्लिटर घेऊन कोणी आलं तर मी दारातच अडवणार आहे.