फोटोवरून उतरवलेली चित्रे आणि प्रवेशाचा पोर्टफोलिओ

कलामहाविद्यालयाच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक चित्रांचा संच, तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांची चित्रे मी अनेक वर्षे पाहत आले आहे आणि त्यांतील एका गोष्टीविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. पुष्कळ पोर्टफोलिओंत सर्वांत पुढे ठेवलेले चित्र म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरील एखाद्या फोटोवरून, आठवडेच्या आठवडे खपून, भुवईच्या केसाकेसासह उतरवलेले व्यक्तिचित्र असते. घरच्यांना ते आवडलेले असते, ओळखीच्यांनी त्याची वाहवा केलेली असते आणि विद्यार्थ्याने त्यावर घेतलेली मेहनतही खरी असते. तरीही निवड समितीपुढे त्या चित्राचे वजन विद्यार्थ्याच्या अपेक्षेपेक्षा फारच कमी भरते, आणि त्यामागची कारणे आधी कोणी समजावून सांगितलेली नसल्यामुळे नकार आल्यावर तो गोंधळून जातो.

चित्र फोटोवरून काढले आहे, हे अनुभवी डोळ्याला लगेच कळते. मोबाइलचा कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ धरलेला असतो. त्यामुळे नाक प्रमाणाबाहेर मोठे दिसते आणि कान मागे सरकून जवळजवळ नाहीसे होतात. कॅमेऱ्याला एकाच वेळी फार उजळ आणि फार गडद भाग नीट टिपता येत नाहीत, म्हणून हनुवटीखालची सावली सपाट काळी होते. प्रत्यक्ष पाहताना मात्र त्याच सावलीत मानेवरून परतलेला मंद प्रकाश आणि दोनतीन वेगळ्या छटा दिसतात. फोटोतल्या कडाही बहुधा सारख्याच धारदार असतात. डोळा जिथे रोखलेला असतो तिथली कडा त्याला स्पष्ट दिसते आणि बाजूच्या कडा विरघळत जातात, हा अनुभव फोटोत येत नाही. शिवाय दात दाखवून केलेले मोकळे हास्य समोर बसलेली व्यक्ती अर्धा तास टिकवून धरू शकत नाही. ते हास्य चित्रात दिसले की ते कुठून आले, हे विचारावेही लागत नाही.

याहून महत्त्वाची अडचण निर्णयांची आहे. चौकट कुठे कापायची, प्रकाश कोणत्या बाजूने घ्यायचा, पार्श्वभूमीत काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हे चित्रकाराने घ्यायचे निर्णय फोटो काढणाऱ्याने आधीच घेतलेले असतात. विद्यार्थ्याकडे उरते ते केवळ हाताचे कसब, आणि ते त्याच्याकडे आहे हे एका चित्रातूनही सिद्ध होते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फोटोप्रतीतून समितीला त्याच्याविषयी नवे काहीच कळत नाही. प्रसिद्ध नटनट्यांच्या फोटोंवरून केलेल्या चित्रांना हे दुपटीने लागू आहे, कारण मूळ फोटो समितीतल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो.

समितीला मग हवे असते तरी काय, हे समजण्यासाठी पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाकडे पाहावे. १९१९ साली जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही कला आणि रचना शिकवणारी संस्था सुरू झाली आणि तेथील शिक्षक, चित्रकार योहानेस इटेन यांनी सर्व नव्या विद्यार्थ्यांसाठी एक प्राथमिक अभ्यासक्रम घेतला. त्यात रंग, आकार, पोत आणि निरनिराळ्या सामग्रीचे गुणधर्म यांचा हाताने करून अभ्यास असे. जगभरच्या अनेक कलासंस्थांतील पायाभूत वर्षावर त्याचा प्रभाव आजही दिसतो. असे पायाभूत वर्ष शिकवणाऱ्या शिक्षकांना तयार चित्रकार नको असतो. समोरच्या वस्तूकडे हा मुलगा किंवा ही मुलगी कशी पाहते, पाहिलेले कागदावर आणताना काय निवडते आणि अडचण आली की कोणता मार्ग काढते, याचा अंदाज त्यांना हवा असतो. म्हणूनच प्रत्यक्ष पाहून केलेले रेखाटन, त्यात एखादी रेषा चुकलेली असली तरी, त्यांना अधिक बोलके वाटते. चुकलेली रेषा शेजारच्या दुसऱ्या रेषेने दुरुस्त केलेली दिसली, तर ते रेखाटन मी स्वतः हमखास आत ठेवायला सांगते.

प्रत्यक्ष पाहून काय काढावे, यासाठी विषय शोधत दूर जाण्याची गरज नसते. पांढऱ्या कापडावर पांढरी वस्तू ठेवून तिचे कोळशाने केलेले वस्तुचित्र छटांची परीक्षा फार चांगली घेते, कारण तिथे रंगाचा आधार मिळत नाही. चुरगाळलेला कागद, एकमेकांवर रचलेल्या खुर्च्या, स्वतःचा न लिहिणारा हात, दारातून दिसणारी पुढची खोली हे सगळे विषय कठीण आणि म्हणून उपयोगाचे आहेत. खुर्च्या काढताना लाकडाऐवजी पायांमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढून पाहावेत. प्रमाण आपोआप सुधारते. आरशात पाहून केलेले आत्मचित्र जवळजवळ प्रत्येक पोर्टफोलिओत असावे, असे माझे मत आहे. त्यात एक गंमतही आहे: आरशाच्या काचेवर आपल्या चेहऱ्याची बाह्यरेषा गिरवली, तर ती खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्म्या आकाराची भरते, आणि आपण आरशाजवळ गेलो किंवा मागे सरलो तरी ती तेवढीच राहते. अशा गोष्टी पाहिल्यावरच कळतात. याच्या जोडीला माणसांच्या हालचालींची एकदोन मिनिटांत केलेली जलद रेखाटने असावीत. त्यांत चेहरा नसला तरी चालतो, शरीराचा तोल मात्र दिसला पाहिजे.

याचा अर्थ फोटो वर्ज्य आहे, असा मुळीच नाही. फ्रेंच चित्रकार एदगार देगा यांनी १८९५ च्या सुमारास स्वतः कॅमेरा हाताळला होता आणि त्यांच्या आधीपासून चित्रकार फोटोंचा उपयोग करून घेत होते. फोटो स्वतः काढलेला असावा, एकाच विषयाचे अनेक फोटो असावेत, त्यांच्यासोबत जागेवर केलेली रेखाटने आणि रंगांच्या नोंदी असाव्यात आणि अंतिम चित्राची रचना यांपैकी कोणत्याही एका फोटोसारखी नसावी, एवढे पथ्य पाळले तर फोटो ही सामग्री होते आणि निर्णय चित्रकाराकडे राहतात. अशा कामाच्या वेळी ती सामग्रीही स्केचबुकात चिकटवून ठेवावी.

स्केचबुकाविषयी विद्यार्थी फार कचरतात. ते नीटनेटके नाही म्हणून दाखवायला लाजतात, किंवा प्रवेशाच्या तोंडावर एक नवे, सुबक, खोटे स्केचबुक भरायला घेतात. एकाच शाईने, एकाच मनःस्थितीत, सलग भरलेली पाने लगेच उघडी पडतात. ज्या पानावर एकाच रचनेचे सहा छोटे आराखडे आहेत, त्यांतील चार काटलेले आहेत आणि कडेला रंग तपासल्याचे ठिपके आहेत, ते पान पाहणाऱ्याला बरेच काही सांगते. संस्थेने परवानगी दिली असेल तर अशी एकदोन पाने मुख्य चित्रांतही घालावीत.

निवडीच्या वेळी कठोर व्हावे लागते. अनेक संस्था साधारण १० ते २० कलाकृती मागतात. नेमकी संख्या, माप आणि फाइलचा आकार प्रत्येक संस्थेच्या सूचनापत्रकातच पाहावा. दिलेली कमाल संख्या गाठलीच पाहिजे, असा समज मात्र सोडून द्यावा, कारण दुबळे चित्र शेजारच्या चांगल्या चित्राविषयीही शंका निर्माण करते. चित्रे काढलेल्या तारखांच्या क्रमाने लावू नयेत. पहिले आणि शेवटचे चित्र भक्कम असावे, मध्ये माध्यम आणि आकार बदलत राहावेत आणि शक्यतो गेल्या एकदोन वर्षांतलेच काम असावे. ज्या चित्रावर सर्वांत जास्त वेळ गेला, ते वगळणे विद्यार्थ्याला सर्वांत जड जाते. पाहणाऱ्याला त्या वेळाशी काही देणेघेणे नसते. ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांतली, पात्रे काढायला हरकत नाही, पण पात्र आणि शैली दोन्ही दुसऱ्याची असतील तर ते चित्र घरीच ठेवावे.

चित्रांचे फोटो काढताना कॅमेऱ्याचे तेच दोष पुन्हा आडवे येतात. फार जवळून काढलेल्या फोटोत कागदाच्या सरळ कडा बाहेर फुगतात, म्हणून थोडे मागे उभे राहून झूम वापरावे आणि कॅमेरा चित्राला समांतर धरावा. ढगाळ दिवसाचा उजेड उत्तम. दिवे वापरायचे तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवावेत, म्हणजे तैलरंग आणि गडद पेन्सिल चकाकणार नाहीत. फ्लॅश आणि मोबाइलमधले रंग खुलवणारे फिल्टर पूर्ण टाळावेत.

इतके करूनही नकार येऊ शकतो. पुढे प्रसिद्ध झालेले फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांना पॅरिसच्या एकोल दे बोझ-आर्ट या कलासंस्थेने तीन वेळा प्रवेश नाकारला होता. प्रत्येक संस्थेची एक रुची असते, म्हणून एकाहून अधिक ठिकाणी अर्ज करावा आणि प्रत्येक ठिकाणी तीच चित्रे न पाठवता निवड थोडी बदलावी. मुलाखतीत बहुधा साधेच प्रश्न येतात: इथे चौकट का कापली, हा रंग का बदलला, यातून काय काढून टाकले. प्रत्यक्ष पाहून काम केलेल्या विद्यार्थ्याला ही उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. सध्या काय काढत आहात, हा प्रश्नही हमखास येतो, त्यामुळे अर्ज पाठवल्यानंतरच्या आठवड्यांत भरलेले स्केचबुक मुलाखतीला सोबत न्यावे.