साडेतीनशे ग्रॅम

अलंग किल्ल्याच्या गुहेत थंडी वरून येत नाही, खालून येते. डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री दीड वाजता हे मला कळलं, तेव्हा बाकीचे आठ जण घोरत होते.

चूक सगळी माझी. निघण्याआधी आठवडाभर ग्रुपवर सॅकच्या वजनावर प्रवचनं झोडणारा मीच होतो. दोन टी-शर्ट कशाला, साबण कशाला, टॉर्चचे जादा सेल एकानेच घ्या. पॅचवर, म्हणजे उभ्या कातळाच्या टप्प्यावर, सॅका दोराने वर ओढाव्या लागतात, वर उभ्या असलेल्याच्या हातांचा विचार करा, वगैरे. आणि शुक्रवारी रात्री घरून निघताना, स्वतःच्याच प्रवचनाला भुलून, कॅरीमॅट, म्हणजे अंगाखाली अंथरायची फोमची चटई, काट्यावर ठेवली. साडेतीनशे ग्रॅम. काढून टाकली. त्याच सॅकेत सव्वा किलोचा ट्रायपॉड होता. तो दोन दिवसांत एकदाही उघडला नाही, हेही आत्ताच सांगून मोकळा होतो.

शेवटची कसारा लोकल, तिथून जीपने घोटीमार्गे आंबेवाडी, एका दादांच्या पडवीत दोन तास आडवं होणं, पोहे, चहा. उजाडल्यावर अलंग, मदन, कुलंग तिघे एका रांगेत समोर उभे दिसतात आणि पोटात गोळा येतो. अलंग-मदनच्या खिंडीपर्यंतची चाल, कारवी आणि घसारा यांच्याबद्दल एवढंच म्हणतो की माझी पँट फाटली.

अलंगच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या असं सांगतात. १८१८ मध्ये या भागातले किल्ले हाती आल्यावर त्यांनी बऱ्याच गडांच्या वाटा तोडल्याच होत्या. खालून कोरीव पायऱ्यांनी चढत यावं, तर मध्येच नुसता उभा कातळ, ऐंशी-नव्वद फूट, आणि वर पुन्हा पायऱ्या. माझी पाळी सातवी. तोवर दोन तास सावलीत बसून घामाचा शर्ट अंगावरच गार झाला होता. मध्यावर डाव्या हाताला एक पकड आहे, पण ती खालून दिसत नाही. वरून बिले देणारा, म्हणजे माझा दोर सांभाळणारा, ओरडतोय, "डावीकडे! अजून वर!" आणि मी ओरडतोय, "टाइट! टाइट!" मी चढलो म्हणण्यापेक्षा माझीही सॅकच झाली म्हणा.

वर भलं मोठं पठार, पाण्याची टाकी, गुहा. खिचडी झाली, गप्पा झाल्या, नऊच्या आत सगळे बॅगेत शिरले. तळ्याकाठच्या तंबूंच्या वस्तीत स्पीकरवर गाणी ऐकत काढलेल्या दोन-तीन रात्री माझ्या खाती आहेत. त्यापेक्षा ही गुहा केव्हाही बरी, असं मी सगळ्यांना झोपण्यापूर्वी ऐकवलंही.

स्लीपिंग बॅग चांगली होती. पण बॅगेची ऊब म्हणजे तिच्या भरावात अडकलेली हवा, आणि पाठीखालचा भराव आपल्याच वजनाने चेपतो. उरतं नुसतं कापड, आणि त्याच्याखाली रात्रभर गार होत गेलेला दगड. आधी डावी कूस गेली. मग उजवी. रिकामी सॅक पाठीखाली घेतली, तर बकल नेमकं माकडहाडावर. चूल पेटवायला आणलेले पेपर शर्टात कोंबले. कुशीवर वळलो की असा चुरचुर आवाज व्हायचा की डोंबिवलीकर झोपेतच म्हणाला, "अरे, कोण वेफर्स खातंय?"

शेवटी अंधारात हात फिरवताना रोपची, म्हणजे चढाईच्या दोराची, गुंडाळी लागली. मऊ, जाड, देवानेच पाठवल्यासारखी. ती पसरून वर आडवा झालोच होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून काकांचा आवाज आला. "रोपवरून ऊठ."

काका बासष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त, आमच्यात सगळ्यात जास्त डोंगर चढलेले. रोपवर साधा पायही द्यायचा नसतो, मातीचे कण आवरणातून आत शिरून धागे कापतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. मी उठलो. म्हटलं, "काका, झोपच लागत नाहीये." काका म्हणाले, "लागणार कशी? साडेतीनशे ग्रॅम घरी ठेवून आलास ना." लोकलमध्ये मी ते फुशारकीने सांगितलं होतं.

मग ते काही न बोलता उठले. गुहेच्या तोंडाशी स्टोव्ह पेटवला, पाणी उकळलं, त्यांच्या स्टीलच्या बाटलीत भरलं, झाकण दोनदा तपासलं आणि बाटली लोकरी मोज्यात घालून माझ्या हातात दिली. मी ती पायाशी सरकवायला लागलो तर म्हणाले, "पायाशी सिनेमात ठेवतात. मांड्यांच्या मध्ये ठेव, तिथून मोठी रक्तवाहिनी जाते." उरलेल्या पाण्याचा कोरा चहा केला. तो पीत आम्ही दोघं बाहेर बसलो. मृग नक्षत्र पश्चिमेकडे कललं होतं, कळसूबाईचा काळा आकार, लांब घोटीकडचे दिवे. काका एक शब्द बोलले नाहीत. चहा संपल्यावर आत जाऊन स्वतःच्या मॅटवर झोपले. मॅट दिली नाही. देऊही नये, साठी उलटलेल्या माणसाने का द्यावी? तरी खरं सांगतो, त्या क्षणी मला राग आला होता.

बाटली पहाटेपर्यंत कोमट होती. मी तासभर तरी झोपलो असेन.

रविवारी दोरावरून रॅपल करत खाली उतरलो, मग मदन. त्या अरुंद पायऱ्यांवर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. सकाळचा दगड इतका गार की बोटांना पकड लागलीये की नाही हेच समजेना. प्रत्येक पायरीवर बोटांकडे बघून खात्री करत होतो. कुलंग राहिला. त्याचं खापर पॅचवरच्या खोळंब्यावर फोडलं गेलं, माझ्यावर नाही.

संध्याकाळी कसाऱ्याला पोहोचेपर्यंत गाडी आमच्यासारख्याच मळक्या सॅकवाल्यांनी भरली होती. बसायला जागा नाही. काकांनी दाराजवळच्या मोकळ्या जागेत कॅरीमॅट अंथरली, पाय पसरून बसले, डोळे मिटले. मी दांडीला लटकून उभा. आटगाव गेल्यावर त्यांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि थोडं सरकले.