५४३२ उघडला, आणि ५४३३ न विचारताच उघडला

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून पोस्टग्रेस (डेटाबेस) बसवलं. त्याचा पोर्ट, म्हणजे मशीनवरचं क्रमांकाचं दार, ५४३२. त्याच मशीनवर लॉगिन होत होतं, टेबलावरच्या दुसऱ्या मशीनवरून मात्र नाही. पिंगला उत्तर येत होतं, म्हणून रस्ता मोकळा आहे असं धरून चाललो आणि पहिली संध्याकाळ तिथेच गेली. पिंग आयसीएमपी या प्रोटोकॉलवर चालतं, त्यात पोर्ट हा प्रकारच नसतो. यूएफडब्ल्यू (उबुंटूचा फायरवॉल) ते मुळातच आत येऊ देतं.

क्लायंट दोनेक मिनिटं लटकून टाइमआउट देत होता. म्हणजे पॅकेट कुणीतरी गुपचूप गिळतंय. हे कुणीतरी म्हणजे मीच मागे चालू करून विसरलेला फायरवॉल. स्थानिक नेटवर्कपुरता (१९२.१६८.१.०/२४) ५४३२ मोकळा केला आणि आता 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तेही क्षणात. मी खूश! नकार आला म्हणजे पॅकेट मशीनपर्यंत पोचलं आणि खुद्द कर्नलने आरएसटी (जोडणी नाकारणारं पॅकेट) पाठवून सांगितलं की या पत्त्यावर कुणी ऐकत नाहीये.

मग एसएस कमांडने ऐकणारे पोर्ट बघितले. १२७.०.०.१:५४३२. सर्व्हिस फक्त लूपबॅकवर, म्हणजे स्वतःशीच बोलत बसलेली. पोस्टग्रेसचं मूळ सेटिंगच तसं असतं आणि ते शहाणपणाचंच आहे. लिसन-अ‍ॅड्रेसेसमध्ये तारा (म्हणजे सगळे पत्ते) टाकला, रीलोड केलं, काही फरक नाही. ओळीच्या सुरुवातीचा हॅश तसाच होता, म्हणजे ती ओळ वाचलीच जात नव्हती (हसा खुशाल). तो काढला, पुन्हा रीलोड, तरीही नाही. हे सेटिंग सर्व्हर सुरू होतानाच वाचलं जातं, त्यामुळे रिस्टार्टच लागतो. त्यानंतर ०.०.०.०:५४३२ दिसलं.

तिसरी एरर पोस्टग्रेसची स्वतःची: या होस्टसाठी पीजी-एचबीए फाइलीत (कुणाला कुठून येऊ द्यायचं त्याची यादी) नोंद नाही. एक ओळ घातली, पासवर्ड तपासायला स्क्रॅम-शा-२५६ ही पद्धत ठेवली. इथे मात्र रीलोड पुरतो. जोडलं गेलं.

एवढ्यावर नोंद संपायची, पण नवी आवृत्ती चाखायला डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) दुसरं पोस्टग्रेस उभं केलं, ५४३३:५४३२ असं पोर्ट मॅपिंग देऊन, म्हणजे मशीनचा ५४३३ कंटेनरच्या ५४३२ ला जोडून. फायरवॉलमध्ये ५४३३ उघडायचा राहिला होता, आणि तरीही दुसऱ्या मशीनवरून लॉगिन झालं! यूएफडब्ल्यूच्या यादीत ५४३३ चं नावही नाही. एका पोर्टासाठी मी दोन संध्याकाळी घासल्या, आणि हा पठ्ठ्या मला न विचारता दार उघडून बसलेला.

कारण असं, की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्समधली पॅकेटच्या नियमांची यंत्रणा) स्वतःचे नियम लिहितो. पॅकेटचा पत्ता आधीच बदलून कंटेनरचा होतो, त्यामुळे ते फॉरवर्ड चेनमधून जातं. यूएफडब्ल्यूचे येणाऱ्या जोडण्यांचे नियम इनपुट चेनमध्ये असतात, तिथे ते फिरकतच नाही. यूएफडब्ल्यूची स्थिती दाखवणारी कमांड बघून निर्धास्त राहणाऱ्यांनी आपापले कंटेनर आजच तपासावेत.

मॅपिंगच्या आधी १२७.०.०.१ जोडून कंटेनर पुन्हा उभा केला. आता ५४३३ बाहेरून टाइमआउट, कारण पॅकेट पुन्हा यूएफडब्ल्यूच्या तावडीत. मला लागेल तेव्हा एसएसएच टनेलने (२२ वरून जाणारी सुरक्षित वाट) जातो, बाहेर उघडा फक्त २२ आणि ५४३२. त्या ५४३२ लाही टनेलमागे ढकलायचा विचार आहे, म्हणजे वर केलेली बहुतेक मेहनत उलटी फिरवायची.