हरणं, एचओए आणि लॉट १४.०१ : माझा अनुभव

ज्यांच्या कॉलनीत हरणांचा त्रास आहे आणि ज्यांनी एचओएच्या (कॉलनीतल्या घरमालकांच्या असोसिएशनच्या) मीटिंगमध्ये "मी बघते काय करता येईल" असं म्हणून हात वर केलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सगळ्यात आधी एक काम करा, तुमच्या कॉमन जागेचं डीड, म्हणजे मालकीचा कागद, असोसिएशनच्या फाइलमध्ये आहे का ते आजच्या आज बघा. शिकारी, परमिट, नकाशे सगळं नंतर. आमचे सहा महिने या एका कागदापायी गेले आणि अजूनही तो विषय निघाला की माझं डोकं तापतं.

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो. घरांच्या मागे पावसाचं पाणी जिरवायचं बेसिन, त्यापलीकडे झाडीचा पट्टा, आणि त्याला लागून टाऊनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, मोकळी राखलेली जागा (ओपन स्पेस). घर घेतलं तेव्हा संध्याकाळी चार-पाच हरणं यायची आणि मुलं खिडकीला नाक लावून बसायची. मी सोलापूरकडची, लहानपणी नान्नजच्या माळावर काळविटांचे कळप बघितलेत, त्यामुळे मलाही बरं वाटायचं. पण इथलं हे पांढऱ्या शेपटीचं हरीण वेगळं. चांगलं खायला मिळालं की मादी दर वर्षी मे-जूनमध्ये बहुतेक जुळीच देते, लांडगे इथून कधीच गेले, आणि आमच्यासारख्या कॉलन्या म्हणजे त्यांना बारा महिने वाढलेलं ताट. चार-पाचाची वीस-बावीस कधी झाली कळलंच नाही. होस्टा खाल्ले, गुलाब खाल्ले, मी लावलेला घेवडा आणि भेंडी तर शेंड्यापासून खाली सोलून ठेवली. ते एकवेळ चाललं असतं. पण नोव्हेंबरमध्ये, त्यांच्या माजाच्या दिवसांत, नवऱ्याच्या गाडीसमोर एक नर आला (गाडीचं सांगून ठेवते, हरणाला धडकलात तर विम्याचा क्लेम कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, म्हणजे धडकेव्यतिरिक्तच्या नुकसानीत, जातो, आणि वाचवायला स्टिअरिंग फिरवून झाडावर गेलात तर तोच कोलिजन, म्हणजे धडकेचा, होतो, म्हणून ब्रेक मारा, लेन सोडू नका). आणि पुढच्या जूनमध्ये धाकट्याच्या मांडीवर लाल गोल चट्टा आला, मध्ये फिकट, बाजूने कडं. लाइम, गोचिडीच्या चाव्याने होणारा रोग. डॉक्टरांनी औषध दिलं, पोरगा बरा झाला, पण ते तीन आठवडे मी नीट झोपले नाही.

गोचीड हरणाच्या अंगावर वाढते एवढंच मला तेव्हा माहीत होतं. नंतर कळलं की त्या रोगाचा जंतू गोचिडीला मुख्यतः उंदरांकडून मिळतो, हरीण त्या मोठ्या गोचिडींना पोटभर रक्त आणि पुढच्या अंड्यांची सोय देतं. म्हणून हरणं कमी केली की लाइम संपला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मुलांचे पाय रोज संध्याकाळी बघायचेच. मे ते जुलैमधली पिल्लू गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, गुडघ्यामागे आणि कानामागे बघा. चोवीस तासांच्या आत चिमट्याने सरळ ओढून काढली तर धोका खूपच कमी.

तर मीटिंग. जे होतं ते झालं, अर्धे लोक "बिचारी कुठे जाणार" आणि अर्धे "आत्ताच्या आत्ता काहीतरी करा". पकडून लांब जंगलात सोडा हे प्रत्येक मीटिंगला कोणीतरी म्हणतंच. ते होत नाही. पकडण्याच्या धसक्यानेच बरीच हरणं नंतर मरतात, शिवाय रोग पसरायची भीती, म्हणून राज्य परवानगी देत नाही. गर्भनिरोधक इंजेक्शन हा दुसरा आवडता मुद्दा. मी मनापासून त्याच्या बाजूने होते. न्यूयॉर्कमध्ये फायर आयलंडला ते वर्षानुवर्षं करून बघितलंय, २०१४ पासून हेस्टिंग्ज-ऑन-हडसन गावातही केलं, पण एकेक मादी गाठून टोचायची, पुन्हा डोस द्यायचा, आणि आमची जागा तर चारी बाजूंनी उघडी, आज टोचलेली उद्या शेजारच्या गावात. कॉर्नेल युनिव्हर्सिटीने माद्यांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या तेव्हा त्या माद्या गाभण राहिना म्हणून पुन्हा पुन्हा माजावर येत राहिल्या आणि बाहेरचे नर उलट कॅम्पसवर जमायला लागले. हे वाचल्यावर मी गप्प बसले.

कुंपणाचा विचारही करून झाला. हरीण अडवायचं तर आठ फूट पाहिजे आणि आमच्याकडे मागच्या अंगणात सहा फुटांच्या वर परवानगी नाही.

मग राहिला टाऊनशिपचा प्रोग्रॅम. आमच्या टाऊनशिपमध्ये त्यांच्या ओपन स्पेसवर ठरावीक बो हंटर्सना (धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांना) परवानगी असते, नेमबाजीची टेस्ट पास झालेले, सप्टेंबरपासून हिवाळ्यापर्यंत. लागून असलेल्या जागेचा मालक फॉर्म भरून आपली जागा त्यात जोडू शकतो. फॉर्म दोन पानी. जागेचा ब्लॉक नंबर, लॉट नंबर (आपल्याकडच्या गट नंबरासारखा), मालकाची सही, इन्शुरन्सचं सर्टिफिकेट, नकाशा. आणि न्यू जर्सीत इमारतीपासून १५० फुटांच्या आत बाण लावायचा तर त्या घरमालकाची लेखी परवानगी लागते, १५० ते ४५० फुटांमध्ये असाल तर झाडावरच्या स्टँडवर चढून खालच्या दिशेनेच मारायचा. बंदुकीला तीच मर्यादा ४५० फूट, म्हणून आमच्यासारख्या ठिकाणी बाणच.

एप्रिलमध्ये फॉर्म दिला. मला वाटलं झालं.

जूनमध्ये पत्र आलं, "अर्जदार हा जागेचा मालक नाही." मी तीन वेळा वाचलं. बेसिन आणि झाडीचा पट्टा आमचा नाही? त्याचं गवत कापायला वर्षाला पैसे आम्ही देतो, पडलेली झाडं आम्ही उचलतो, इन्शुरन्स आमचा! ऑफिसमध्ये गेले तर खिडकीवरच्या बाईंनी स्क्रीन वळवून दाखवला, ब्लॉक अमुक, लॉट १४, मालक म्हणून बिल्डरच्या कंपनीचं नाव. ती कंपनी बंद होऊन कित्येक वर्षं झाली. मी म्हटलं मग आम्ही काय करायचं, तर त्या म्हणाल्या मालकाची सही आणा. बंद पडलेल्या कंपनीची सही! तिथून मला टॅक्सच्या खिडकीवर पाठवलं, ते म्हणाले कॉमन जागेवर टॅक्स लागत नाही त्यामुळे आम्ही त्यात लक्ष घालत नाही, प्लॅनिंगकडे जा. प्लॅनिंगवाले आठवड्यातून दोन दिवस, त्यातला एक दिवस सुट्टीचा निघाला. प्लॅनिंगने सांगितलं वकिलाचं पत्र आणा. आमचे असोसिएशनचे वकील तासावर पैसे घेतात, बोर्डाने एक तास मंजूर केला, त्या एका तासात त्यांनी लिहून दिलं की जागा असोसिएशनची "असावी". "असावी" वर ऑफिसने फॉर्म पुन्हा परत पाठवला. जुलै संपला.

माझा राग त्या खिडकीवरच्या बाईंवर नाही, त्या समोर दिसतं तेच सांगत होत्या. राग याचा की चार खिडक्यांपैकी एकीनेही असं म्हटलं नाही की थांबा, यात काहीतरी चुकलंय, आपण बघू. प्रत्येकाने पुढच्या खिडकीचा नंबर दिला. मी लंच टाइममध्ये ऑफिसातून निघायचे, चाळीस मिनिटं गाडी चालवायची, वीस मिनिटं रांगेत उभी राहायचे आणि परत. दोन वेळा मीटिंगला उशीर झाला म्हणून मॅनेजरचं ऐकून घेतलं. सप्टेंबरचा दुसरा आठवडा आला, बो सीझन सुरू झाला, आमच्या कॉलनीत हरणं निवांत बसलेली.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. तिला हे सगळं मुळातच पसंत नव्हतं. पहाटे उठून ती मागच्या दाराशी उरलेली भाकरी टाकायची आणि एक मादी तिची वाट बघायला लागली होती, मला हे कळल्यावर आमचं चांगलंच वाजलं. ("पाहुणी म्हणून आली तर तिला उपाशी घालवू?") तर त्या दिवशी मी चिडून चिडून तिला हे लॉट १४ प्रकरण सांगत होते आणि ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अगं म्हणजे खरेदीखत झालंय पण फेरफार लागला नाही. तुझ्या आबांच्या जमिनीचं असंच झालं होतं. तलाठ्याकडे सात वेळा गेलो, शेवटी रजिस्ट्रारकडून नक्कल काढली तेव्हा सुटलं. तू मेली तलाठ्याच्याच दारात बसलीयेस."

मी पोळी तशीच ठेवली. इथे डीड नोंदवलं जातं काउंटी क्लर्ककडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), टाऊनशिपकडे नाही. टाऊनशिपकडे असतो तो टॅक्ससाठीचा रेकॉर्ड, म्हणजे आपल्या भाषेत सातबाऱ्यासारखाच. मी चार महिने सातबाऱ्याशी भांडत होते.

काउंटीच्या वेबसाइटवर बिल्डरच्या नावाने शोधलं आणि त्याच रात्री डीड सापडलं. बिल्डरने जागा असोसिएशनला कधीच देऊन टाकली होती, नोंदणी, शिक्के, सगळं जागच्या जागी. फक्त त्यात लॉट नंबर होता १४.०१. मोठ्या लॉटचे तुकडे पडले की इथे मूळ नंबरापुढे पॉइंट देऊन नवे नंबर पडतात. बिल्डरने लॉट १४ चे भाग केले, घरांचे वेगळे, कॉमन जागेचा १४.०१, आणि टाऊनशिपच्या त्या यादीत तो जुना १४ तसाच राहिला. एका पॉइंट झिरो वनमुळे एप्रिल ते सप्टेंबर!

पण नुसतं डीड नेऊन भागणार नाही हे मला आता कळत होतं, ते म्हणणार आमच्याकडे १४.०१ नाहीच. म्हणून मी ओपीआरएचा अर्ज टाकला, ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट, आपल्या माहिती अधिकारासारखा. आपल्याकडे तीस दिवस असतात, इथे साधारण सात वर्किंग डेजमध्ये उत्तर द्यावं लागतं. मागताना गोल गोल मागू नका, "जागेची सर्व कागदपत्रं" म्हटलं की नाकारतात. मी नेमकं लिहिलं, अमुक ब्लॉकच्या सबडिव्हिजनचा मंजूर झालेला अंतिम नकाशा. सहाव्या दिवशी ईमेलने आला. नकाशावर टाऊनशिपच्याच इंजिनिअरची सही, आणि आमच्या बेसिनवर ठळक अक्षरात १४.०१.

डीड, नकाशा आणि जुना फॉर्म एकावर एक ठेवून त्या पहिल्या खिडकीवर गेले. बाईंनी पाच मिनिटं बघितलं, आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हो, दुरुस्त करून घेतो." बस. पाच मिनिटं. गाडीत येऊन मी रडले, खरंच सांगते, आणि पहिला फोन आईला केला.

मंजुरी ऑक्टोबरच्या शेवटी आली. बाकीचं सगळं भराभर झालं, इन्शुरन्स, काउन्सिल, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घरमालकांच्या सह्यांबद्दल मात्र एक लक्षात ठेवा, जे मी विसरले होते. १५० फुटांची परवानगी घेताना त्याच कागदावर आणखी एक ओळ टाका की बाण लागलेलं हरीण तुमच्या अंगणात येऊन पडलं तर शिकाऱ्याला आत यायला आणि ते उचलायला हरकत नाही. आम्ही ती ओळ टाकली नव्हती, म्हणून चौदा घरांना पुन्हा जावं लागलं, आणि तीन घरं भाड्याने दिलेली, त्यांचे मालक एक टेक्सासला आणि दोघांचे ईमेल बंद. पहिल्यांदा होकार दिलेल्या एका आजींनी दुसऱ्यांदा दार उघडून सांगितलं की आता विचार बदलला. त्यांच्या बाजूचा स्टँड आम्ही काढून घेतला, वाद घातला नाही. तुम्हीही घालू नका.

शिकारी कसे असतील याची मला धास्ती होती. पहाटे अंधारात येतात, स्टँडवर चढतात, आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते दिसलेसुद्धा नाहीत. आमच्या प्रोग्रॅमचा नियम आधी मादी, मगच शिंगवाला नर, कारण नर कितीही कमी केले तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरतो. पहिल्या हिवाळ्यात आमच्या पट्ट्यातून अकरा माद्या गेल्या. मी एकदाच बघितलं, सकाळी बेसिनच्या कडेला, दोघं जण ओढत नेत होते. मला वाईट वाटलं. तरी पुन्हा विचारलंत तर पुन्हा फॉर्म भरेन.

मांसाचं काय झालं हे आईने फोनवर विचारलं. न्यू जर्सीत हंटर्स हेल्पिंग द हंग्री म्हणून एक संस्था आहे, शिकारी तिथे हरीण देतात आणि ते मांस फूड बँकेत जातं, आमच्याकडचं बरंचसं तिकडेच गेलं. हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग ठीक आहे, कोणाच्या पोटात तरी गेलं." त्या भाकरीवाल्या मादीचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

बागेचं विचाराल तर चमत्कार झालेला नाही. रटगर्स युनिव्हर्सिटीने झाडांची यादी केलीय, हरीण काय खातं आणि काय सोडतं याची, ती बघून मी डॅफोडिल आणि लॅव्हेंडर लावलंय आणि होस्टांचा नाद सोडलाय. अंड्याच्या वासाचा फवारा मिळतो तो चालतो, पण पाऊस पडला की पुन्हा मारा. घेवड्याला यंदा पहिल्यांदा शेंगा धरल्या.

ही परवानगी दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. डीड आणि नकाशाच्या प्रती आता प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून असोसिएशनच्या फाइलच्या अगदी पहिल्या पानावर लावल्यात, आणि स्कॅन सगळ्या बोर्ड मेंबरांकडे. या उन्हाळ्यात त्या चौदा घरांतली दोन विकली गेली, नवीन लोक मागच्या आठवड्यातच राहायला आलेत. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊन येते, या वेळी दोन्ही ओळी एकाच कागदावर आहेत.