इल्लें खा गो

आमच्या सासूबाईंचा आग्रह गोव्यात फोंड्याच्या आमच्या बाजूला चांगलाच नावाजलेला आहे. पंगतीत त्या वाढायला उतरल्या की जाणती माणसं आधीच पानावर आडवा हात धरतात. त्याचा काही उपयोग होत नाही. बोटांच्या फटीतून त्यांनी खतखतें वाढलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. "इल्लें गो इल्लें," असं म्हणत त्या पुढे सरकतात. इल्लें म्हणजे कोकणीत थोडंसं. आईंचं इल्लें साधारण दीड डाव भरतं.

अशा बाईंच्या घरात यंदा आषाढात एका जिवाने जेवण सोडलं.

बाय आमची मांजरी. पांढऱ्यावर गुळाच्या रंगाचे दोन डाग, वय वर्षं 17. लेक बालवाडीत जायला लागली त्या पावसाळ्यात ही लाकडांच्या खोपीत सापडली. लेक आता पुण्यात शिकते आणि फोन केला की आधी मांजरीचं विचारते, मग आईचं. बायच्या कानांबद्दल आम्हाला मोठा अभिमान होता. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला तर ती डोळासुद्धा उघडायची नाही, आणि नुस्तेंवाल्याच्या, म्हणजे मासेवाल्याच्या, स्कूटरचा वाजला की फाटकात हजर. दोन्ही भोंगे मला अजून सारखेच ऐकू येतात. एका सकाळी नुस्तेंवाला फाटकाशी पों पों करून कंटाळून निघून गेला आणि बाय सोप्यावर तशीच पडून राहिली, पंजात तोंड घालून. आदल्या दिवशीची वाटी भरलेलीच होती, वर मुंग्यांची रांग.

तिला घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग तिला खाली ठेवून पुन्हा उभी राहिले. वजाबाकी आली 2.6 किलो. दोन वर्षांपूर्वी 3.8 होती. (माझा आकडा दोन वर्षांत उलट्या दिशेने गेलाय, त्याबद्दल इथे लिहायचं कारण नाही.) हात फिरवला तर कण्याचा एकेक मणी बोटाला लागत होता, जपमाळेसारखा.

डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी, फार गोड. रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं थकतात, हे दुखणं त्यांच्यात फार. शिवाय एक दाढ खराब झालेली. घरी एक दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यायचं ठरलं, मळमळ थांबवायचं औषध दिलं आणि मिर्टाझापीनच्या गोळीचा एक कपटा. ही गोळी माणसांना उदासीवर देतात; मांजराला तिने भूक लागते. "पण तुमच्या मनाने कमी-जास्त करू नका," असं तिने बजावलं, कारण माणसाच्या औषधांचा मांजराला भरवसा नाही, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. मूत्रपिंडाचं पथ्याचं खाणं मी लगेच विचारलं. ती म्हणाली, पथ्य मागाहून. आधी काहीही खाऊ दे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि मग मूळ दुखणं राहतं बाजूला, यकृतच बसतं. आमच्याकडे एकादशीपासून संकष्टीपर्यंत उपासाचे इतके प्रकार, आणि या बयेला एकही परवडणारा नाही.

आईंनी हे सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जेवत नाही? बघतेच."

पहिल्या दिवशी त्यांनी तिला दूध दाखवलं. दुसऱ्या दिवशी पेज, मीठ न घातलेली. तूपभात. उकडलेल्या अंड्याचा पिवळा. नागपंचमीच्या पातोळ्या झाल्या तेव्हा हळदीचं पान सोडवून आतलं गूळ-खोबरं बोटावर घेऊन तिच्या नाकाशी धरलं. बायने मान फिरवली, अगदी सभ्यपणे. मांजराला गोड कळतच नाही, हे मी आईंना सांगून पाहिलं. गोडाची चव ओळखायला जो जीन लागतो तो सगळ्या मांजरकुळात निकामी झालेला असतो, वाघासकट. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं. आईंना याचं फार वाईट वाटलं. "सतरा वर्षं चवथीला नेवऱ्या दिल्या हिला," त्या म्हणाल्या, "आणि हिला गोड लागतच नव्हत्या?" मी म्हटलं, तुपासाठी खात असेल. त्यावर त्यांचं अर्ध समाधान झालं.

मांजर खातं ते नाकाने. माणसाच्या जिभेवर चवीचे कोंब हजारोंनी, मांजराच्या जिभेवर जेमतेम शे-पाचशे. वास आला नाही तर अन्न तिच्या लेखी नाहीच. आणि म्हातारपणी नाकही मंदावतं. फ्रिजमधून काढलेला मासा तिच्यासमोर ठेवणं म्हणजे आपल्यापुढे फुलांचा फोटो ठेवून वास घ्या म्हणण्यासारखं. तेव्हा गरम करायचं, पण किती? मांजराच्या अंगाची ऊब 38-39 अंश असते, तेवढं. जिवंत उंदराइतकं गरम, असं डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. मी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायला लागले, वीस वर्षांपूर्वी लेकीच्या दुधाचं बघायचे तसं.

पण गरम करायचं काय? 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदी, 61 दिवस ट्रॉलर धक्क्याला. स्कूटरवरचं नुस्तें बाहेरगावाहून बर्फात प्रवास करून आलेलं. बांगडा उकडून काटे काढून दिला, तर तिने वास घेऊन माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. या काळात गोव्यात ताजं म्हणजे नदीचं, खाजनातलं, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं. बोरी गावाकडून एक बाई कधीमधी मानशीचे शेवटे नावाचे मासे आणते. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार. भरतीला पाणी आत, ओहोटीला बाहेर, आणि बाहेर जाताना तोंडाशी लावलेल्या जाळ्यात मासळी. तिला सांगून ठेवलं. "मांजराक?" तिने दोनदा विचारलं. भाव सांगितला तो मात्र माणसांचाच.

शेवटे आले आणि घरात श्रावण लागला. यंदा बंदी उठायच्या आधीच लागला. आमच्याकडे श्रावण ते चवथ शिवराक, म्हणजे शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा नाही, बायच्या दृष्टीने ते बरंच, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पण मासा? रांदपाच्या खोलीत श्रावणात मासा उकडणं म्हणजे आईंच्या हयातीत न घडलेली गोष्ट. मी जुना स्टोव्ह मागल्या दारच्या खोपीत नेला. आई दारात, उंबऱ्याच्या अलीकडे, पदर नाकाला लावून उभ्या. तिथून सूचना चालू. "मीठ घालूं नाका. पाणी कमी. डोकी टाकूं नाका, डोक्याचो रोस बरो." ज्या बाईला वासही चालत नाही, तिला आत काय शिजतंय ते माझ्याहून जास्त कळत होतं.

त्या रसात दोन बोटं बुडवून मी बायच्या ओठांना लावली. तिने जीभ फिरवली. एकदाच. आम्ही दोघी इतक्या मोठ्याने "खाल्लें!" म्हणून ओरडलो की ती उठून पलंगाखाली गेली.

इथून पुढचा आठवडा मी कुणाला सांगत नाही, पण सांगते. आम्ही आग्रहावर आलो. आई मांडीवर पंचात गुंडाळून धरणार, मी बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून लगदा सोडणार. अर्धा तिच्या छातीवर, पाव माझ्या हातावर, उरलेला पोटात. आई पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "इल्लें खा गो बाये, इल्लें." आठवड्याच्या शेवटी अशी पाळी आली की मी नुसती सिंककडे वळले तरी बाय पलंगाखाली. जी वाटी आम्ही वापरत होतो, त्या वाटीतलं पाणीसुद्धा ती पिईना.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, पण सांगितलं ते रागावण्यासारखंच होतं. पोटात ढवळत असताना जे कोंबाल त्याचाच मांजर धसका घेतं, आणि मग बरं वाटल्यावरही त्या अन्नाच्या वाऱ्याला उभं राहत नाही. काही मांजरांना नाईलाजाने भरवावं लागतं, पण ते कधी आणि कसं, हे त्या सांगतील. तोवर ताटली बदला. पसरट घ्या, खोलगट नको. थोडं वाढा, पाठ फिरवा. पंधरा-वीस मिनिटांत नाही खाल्लं तर मुकाट्याने उचला.

आईंना हे अजिबात पटलं नाही. "वाढून पाठ फिरवायची? आणि लांब उभं राहून शिवतंय का बघायचं? हे काय दहाव्याचं—" आणि त्यांनी जीभ चावली. थोडा वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग त्यांनी बायच्या डोक्यावरून मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. मिरचीच्या ठसक्याने सगळं घर शिंकत होतं, तीसुद्धा.

ताटलीचं मात्र त्यांनीच मार्गी लावलं. स्टीलला भांड्याच्या साबणाचा वास राहतो, असं त्या कायम म्हणायच्या आणि मी कायम दुर्लक्ष करायचे. परसातून केळीचं पान आणून त्यांनी हातभर पट्टी कापली, चुलीवर किंचित शेकली, म्हणजे फाटत नाही. बायला पानावर वाढायचं. "म्हातारी आहे घरातली," एवढंच स्पष्टीकरण.

आणि गालमो. मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेला, डब्याला घट्ट झाकण, वर कापड, श्रावण संपेपर्यंत न उघडण्याच्या बोलीवर. गालमो म्हणजे अगदी बारीक सुकी सुंगटं, सुकी कोळंबी. भाजून खोबऱ्याबरोबर किसमूर करतात. भाजताना त्याचा वास सात घरं पलीकडे जातो. मला सुचलं की त्याची चिमूटभर पूड शेवट्यावर भुरभुरवली तर? खारट नसलेला निवडून घेतला, खोपीत तव्यावर टाकला. सोमवार होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं. आई देवघरात. वारा पावसाळी, पश्चिमेचा, आणि आमची खोप घराच्या नेमकी पश्चिमेला. देवघरातली घंटा मध्येच थांबली.

मी तवा उतरवून, कानांवर आवाज येण्याची वाट बघत उभी राहिले. आवाज आला तो असा: "जळटा मगो! हालय!" करपतोय, हलव.

पूड केली, मनगटावर ऊब बघितली, पानावर लिंबाएवढं वाढलं आणि राजांगणाच्या कडेला पडवीत ठेवलं. पाऊस बारीक पडत होता, तुळशीच्या कट्ट्यावरून पाण्याची धार वाहत होती. पाठ फिरवली. मी खांबाला टेकून वाटाणे सोलायला घेतले. आई पूजा आटपून आल्या, सोवळ्यातच, आणि पायरीवर बसून वाती वळायला लागल्या. दोघींची तोंडं तुळशीकडे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

बराच वेळ नुसता पाऊस. मग मागे एक आवाज, ओल्या पायाचा असावा तसा. मग दुसरा: खर्र. मांजराची जीभ खरखरीत असते हे माहीत असतं, पण शेकलेल्या केळीच्या पानावर ती कशी वाजते हे मी प्रथमच ऐकलं. खर्र, खर्र. दाढेचं दुखणं असल्याने ती चावत नव्हती, चाटत होती, आणि प्रत्येक चाटण्याबरोबर पान शहाबादी फरशीवरून बोटभर पुढे सरकत होतं. मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं की हिरवी पट्टी पडवीच्या मधोमध आलीय आणि मागोमाग पांढरं डोकं. पान सरकतंय, ती मागे. असं करत करत पान आईंच्या पायरीपाशी आलं.

आईंनी खाली पाहिलं नाही. वात वळता वळता उजवा पाय थोडा लांब केला आणि अंगठ्याने पानाची कड दाबून धरली.

खर्र, खर्र. पान आता हलत नव्हतं. सोवळ्यातल्या पायाच्या अंगठ्याला गालम्याची पूड लागली होती. तीही तिने चाटली, शांतपणे, दोनदा. आईंची वात हातातून सुटली नाही.

बाय खाऊन तिथून निघून गेल्यावर आई उठल्या. पान दोन बोटांनी उचलून माडाच्या मुळाशी टाकलं. मग मला म्हणाल्या, "न्हाणीचं पाणी तापव, मला परत न्हायला हवं." मी उठले तर मागून म्हणाल्या, "आणि त्या बोरीच्या बाईला फोन कर. दोन शेवटे जास्त आण म्हणावं."