जुनी मोठी की नवी लहान?

विम्यासाठी अपघातग्रस्त मोटारींची पाहणी करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, पहिली गाडी घेणारे परिचित मला हमखास विचारतात की, तेवढ्याच पैशांत जुनी, दणकट, मोठी गाडी घ्यावी की नवी लहान. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वजनाचा फायदा खरा आहे. ८०० आणि १,६०० किलोच्या दोन गाड्या ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या, तर दोन्ही मिळून, जड गाडी ज्या दिशेने जात होती त्याच दिशेने, ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने सरकतात. म्हणजे जड गाडीच्या चालकाचा वेग डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ३३ ने बदलतो आणि हलक्या गाडीच्या चालकाचा ६७ ने. त्यामुळे सुरक्षा चाचणीत गाडीला मिळालेले तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहावेत, हे शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही.

मात्र हे गणित चालकाभोवतीचा सांगाडा शाबूत राहील असे धरून चालते, आणि जुन्या गाडीत नेमका तोच दगा देतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००९ मध्ये १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू ताशी ६४ किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळवल्या. बेल एअर लांबीने मोठी होती, तरी तिची चालकाची बाजू आत कोसळली. मालिबूच्या चालकाला मात्र पायाची किरकोळ दुखापत झाली असती, एवढेच.

पन्नास वर्षांचे अंतर तुम्हाला अतिशयोक्त वाटेल, पण आपल्याकडे चारपाच वर्षांनीही फरक पडला आहे. धडक चाचणीचे नियम ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून आधीच्या मॉडेलनाही लागू झाले; चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, तर शेजारच्या प्रवाशाची सर्व गाड्यांत २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. म्हणून माझे उत्तर असे की, आधी उत्पादनाचे वर्ष २०२२ किंवा त्यानंतरचे आहे ना ते पाहावे, मग तारे, आणि त्यानंतर खिशाला परवडेल तितके वजन.

वापरलेलीच घेणार असाल, तर चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर एकदा फुटलेली एअरबॅग न बदलता दिवाच बंद करून टाकला असण्याची शक्यता असते, आणि तशी गाडी कितीही ऐसपैस असली तरी मी तुम्हाला घेऊ देणार नाही.