आमची वाटचाल: अडकलेलं गाणं पुढे नेताना

पुण्यात तपकीर गल्लीजवळ अण्णांचं रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. कॅसेट आली, मग सीडी आली आणि रेकॉर्ड प्लेअरचं काम जवळपास थांबलं. अण्णांनी सुया, बेल्ट, जुने टोनआर्म (सुई धरणारे दांडे) मात्र टाकले नाहीत. अलीकडे तरुण मुलं आजोबांच्या रेकॉर्डी घेऊन येऊ लागली, तेव्हा तेच सामान उपयोगी पडलं. प्लेअर सुरू व्हायचा, पण गाणं एकाच ओळीवर अडकायचं. आमचं आजचं काम तिथून सुरू झालं.

ओरखडा दिसला की लोक धास्तावतात. पण सुई ज्यातून फिरते त्या खाचांना आडवा छेदून गेलेला ओरखडा एलपीवर, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या रेकॉर्डवर, दर १.८ सेकंदांनी 'टक्' वाजतो, गाणं सहसा अडवत नाही. खाचेला जवळजवळ समांतर गेलेला ओरखडा खरा त्रासाचा. तो सुईला शेजारच्या खाचेत ढकलतो. पुढे ढकललं तर ओळ गळते, मागे ढकललं तर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते.

आलेली रेकॉर्ड आम्ही आधी धुतो. कित्येकदा दोष खाचेत घट्ट बसलेल्या मळाचाच असतो. तसं नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली नेमकी जागा शोधायची आणि अणकुचीदार लाकडी काडीने वळलेली कड सुईच्या वाटेनेच हलकेच सरळ करायची. धातूचं टोक आम्ही लावत नाही. पॉलिशही करत नाही, कारण घासण्यात खाचेतला आवाजच जातो.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट लावलं तर लाख विरघळते. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, पण त्यात बालगंधर्वांचं किंवा हिराबाईंचं पद असतं. म्हणून हात लावण्याआधी जेवढं वाजतं तेवढं आम्ही डिजिटल करून ठेवतो. टवका उडाला असेल तर तिथले सूर परत येत नाहीत. हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो आणि पैसे घेत नाही.

एक कळकळीची विनंती: अडकणाऱ्या रेकॉर्डसाठी सुईच्या डोक्यावर नाणं ठेवू नका. आजच्या बऱ्याच काट्रिजना (सुई बसवलेल्या भागाला) दीड-दोन ग्रॅम वजन पुरतं, जास्त वजनाने खाच झिजते.

बाहेरगावाहून रेकॉर्ड पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बांधा. कोणत्या बाजूचं कितवं गाणं, कोणत्या शब्दावर अडकतं, ते चिठ्ठीवर लिहा.